हलक्या हाताचं मशीन

माझ्या थोरल्या भावाच्या घरी जेवायला बसलं की आधी ताटात आपलं तोंड दिसतं, मग जेवण. अतिशयोक्ती वाटत असेल तर खुशाल वाटू दे. त्या घरातले चमचे, नळ, दाराची कडी, वहिनीच्या शिलाई मशीनचं चाक, एवढंच काय, खिडकीच्या बिजागऱ्यासुद्धा लखलखत असतात, कारण दादाला हात रिकामे ठेवून बसताच येत नाही. बोलता बोलता तो खिशातून चिंधी काढतो आणि हाताला लागेल ते घासायला घेतो. एकदा मी त्याला माझं कंबरदुखीचं रडगाणं सांगत होतो. माझं सांगून होईपर्यंत माझ्या घड्याळाचा पट्टा नव्यासारखा झाला होता, सल्ला मात्र एकही मिळाला नव्हता.

आमच्या भागात त्याला सगळे 'आरसेवाले' म्हणतात. त्यामुळे अधूनमधून कोणीतरी फुटका आरसा घेऊन दारात उभं राहतं, आणि दादा त्यांना काचवाल्याचा पत्ता देतो. त्याचं काम वेगळं. जुन्या गाड्यांचे सुटे भाग तो उजळून देतो. चाकांच्या टोप्या, दिव्यांच्या कडा, दारांच्या मुठी, गाडीच्या अंगावरून जाणाऱ्या लांब स्टीलच्या पट्ट्या. काळा पडलेला, डागाळलेला भाग आणून द्यायचा आणि नेताना त्यात बघून भांग पाडायचा, इतका सोपा हिशेब. जुन्या गाड्यांचं वेड असलेली माणसं कुठून कुठून त्याच्याकडे येतात.

आणि हे सगळं हाताने. घराच्या पुढच्या खोलीत जाड फळीचं एक टेबल आहे. ते आमच्या अप्पांचं, म्हणजे वडिलांचं. टेबलाच्या एका कडेला खोलगट भाग झालाय. आधी अप्पांचा आणि मग दादाचा कोपर तिथे टेकून टेकून लाकूडच झिजलं. शेजारी पॉलिशच्या वड्या, काळी, लाल, पांढरी, कपडे धुण्याच्या साबणासारख्या दिसणाऱ्या. वर दोरीवर चिंध्या, जाड्याभरड्या एका टोकाला आणि मऊ दुसऱ्या टोकाला. कोपऱ्यात एक स्टूल. ते माझं. मी पार्सलं पोचवायची व्हॅन चालवतो, आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये त्या स्टुलावर बसून दादाचं डोकं खातो.

त्या टेबलाशी मी का बसत नाही, हेही सांगायला हवं. अप्पा एका मोठ्या गॅरेजात पॉलिशवाले होते. त्यांचं सगळं शास्त्र एका शब्दात मावायचं: दाब. धातू गोड बोलून उजळत नाही, त्याला दाबावं लागतं, अंगठा पांढरा पडेपर्यंत दाबावं लागतं. जो दाबत नाही त्याचा हात हलका. दुसऱ्या घरांत 'हलका हात' म्हणजे कौतुक असतं, इंजेक्शन देणाऱ्या नर्सला लोक कौतुकाने म्हणतात. आमच्या घरात ती शिवी होती. हलका हात म्हणजे कामचुकार, पाट्या टाकणारा, गिऱ्हाइकाला फसवणारा.

मी शाळा सोडली तेव्हा अप्पांनी मलाही एक चाकाची टोपी घासायला दिली. मी जीव तोडून घासली. अप्पांनी ती उजेडात धरली, फिरवली, आणि मी तिथे नाहीच अशा थाटात आईला म्हणाले, "हा हलक्या हाताचा आहे. याचं काहीतरी दुसरं बघा." झालं. दादा टेबलाशी राहिला, मी स्टिअरिंगमागे गेलो. मला त्याचं काही वाटलं नाही असं मी सगळ्यांना सांगत आलो. वाटलं होतं. चांगलंच वाटलं होतं.

तर असा हा दादा, आणि त्याचा उजवा खांदा आखडला. एका दिवसात नाही. आधी शर्ट घालताना कळ यायची, मग वरच्या फळीवरचा डबा निघेना, मग एके सकाळी चहाचा कप तोंडापर्यंत न्यायला त्याने डावा हात लावला आणि वहिनीने ते पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी खांदा हलवून बघितला, अंगठा दाबून बघितला आणि स्पष्ट सांगितलं, की हे घासणं बंद झालं नाही तर हा हात कायमचा जाईल. दादाने विचारलं, "थोडं थोडं घासलं तर?" त्या म्हणाल्या, "थोडं थोडं जाईल."

हे पुतण्याला कळलं. दादाचा मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला असतो. पोरगा गुणी आहे, बापावर जीव आहे, पण मदत करायची म्हटली की लगेच कामाला लागतो, समोरच्याला काय हवंय ते विचारायचं राहून जातं. त्याने तिकडे दादासाठी बसल्या जागेचं काम शोधलं. मोठ्या दुकानाखाली गाड्या ठेवायची जागा असते ना, तिच्या तोंडाशी काचेची टपरी असते. त्यात बसून येणाऱ्या गाडीला पावती फाडून द्यायची. खुर्चीला पाठ आहे, पंखा आहे, खांद्याला काही त्रास नाही. "बाबा, महिना संपायच्या आत सांगा," तो फोनवर म्हणाला, "म्हणजे खोलीचंही बघता येईल." खोली म्हणजे आमच्या अप्पांची ती पुढची खोली, आणि बघता येईल म्हणजे भाड्याने देता येईल.

दादाने फोन ठेवला आणि बराच वेळ टेबलावरची चिंधी नुसती घडी घालत, उलगडत बसला.

"दिवसभर गाड्या समोरून जाणार," तो शेवटी म्हणाला, "आणि मी त्यांना हात लावायचा नाही."

त्याच्या आवाजात राग असता तर मला चाललं असतं. राग नव्हता.

मशीनचं मीच सुचवलं. अनेक वर्षं सुचवत आलो होतो आणि अनेक वर्षं तो नाक मुरडत आला होता. या वेळी मुरडायला नाक उरलं नव्हतं. मोटरच्या दोन्ही बाजूंना दांडे, दांड्यांवर कापडाची जाड गोल चाकं, चाकाला पॉलिशची वडी लावायची आणि भाग चाकासमोर धरायचा. त्याला बफिंग मशीन म्हणतात. घासायचं काम चाकाचं, आपलं नुसतं धरायचं. दादा म्हणाला, "बघू." दादाचं 'बघू' म्हणजे इतरांचं 'हो'. वहिनीने शिलाईतून बाजूला टाकलेले पैसे काढून दिले आणि बजावलं, "एवढ्यात बसेल तेच घ्यायचं. डोक्यावर ओझं करून आणलेलं मशीन मला घरात नको." मग माझ्या व्हॅनमधून मी, दादा आणि एका जुन्या ट्रकच्या दाराची ॲल्युमिनियमची मूठ असे आम्ही तिघं दुकानं पालथी घालायला निघालो.

ती मूठ दादाची कसोटी. चांगली मळकी, काळवंडलेली शोधून ठेवली होती, आणि मऊ कापडात गुंडाळून खिशात. कोणत्याही दुकानात गेला की तो माहिती ऐकून घ्यायचा नाही, मोटर किती ताकदीची ते विचारायचा नाही. "चालू करा," म्हणायचा आणि मूठ काढायचा.

पहिलं दुकान झकपक होतं. विकणारा तरुण इस्त्रीच्या शर्टात, बोलणं त्याहून कडक इस्त्रीचं. त्याने आधी टेबलावर ठेवायचं लहान मशीन चालू केलं. चाक भिरभिरायला लागलं. दादाने पाय रोवले, मूठ चाकावर टेकवली आणि दाबली. घूं आवाज आला, चाक हळू झालं, आणखी हळू झालं आणि थांबलं.

"दम नाही," दादा म्हणाला.

"काका, दाबू नका ना," तरुण घाईघाईने म्हणाला. "नुसतं टेकवा."

"दाबू नको तर काय, नुसतं दाखवू त्याला?"

मग त्याने आम्हाला कोपऱ्यातलं मोठं मशीन दाखवलं. जमिनीवर उभं राहणारं, कमरेएवढं, पोलादी. दादाने दाबलं, हे थांबेना. अंगाचा भार टाकून दाबलं, तरी थांबेना. दादाच्या चेहऱ्यावर त्या महिन्यातलं पहिलं हसू आलं. मी किंमत विचारली आणि ती ऐकून नकळत खिशावर हात ठेवला, तोही माझ्याच, जणू ती ऐकूनच खिसा फाटणार होता. वहिनीने दिलेलं सगळं ओतून वर तेवढंच कोणाकडून तरी आणावं लागलं असतं. दादाचं हसू दुकानाच्या पायऱ्या उतरेपर्यंतही टिकलं नाही.

दुसरं दुकान हत्यारांच्या गल्लीतलं. इथे मालक म्हातारे, गल्ल्यावर बसूनच सगळं दाखवणारे. त्यांचं मशीन थांबलं. शेजारच्या दुकानातलं थांबलं. पलीकडच्याकडे हातात धरायचं मशीन होतं, ते थांबलं नाही, पण दादाचा खांदा असा गदागदा हलवला की त्याने ते टाकलंच. "हे मी धरायचं की याने मला?" त्याने विचारलं. जो तो एकच सांगत होता, साहेब, जरा दाब कमी. आणि दर वेळी दादा माझ्याकडे असा बघायचा की बघ, चोर स्वतःच चोरीची वाट सांगतोय. मशीनमध्ये दम नाही म्हणूनच गिऱ्हाइकाला दाबू नको म्हणतात, हे त्याचं ठाम मत झालं होतं.

संध्याकाळपर्यंत त्या मुठीवर इतक्या दुकानांचे पट्टे उठले होते की ती झेब्र्याची वाटावी. मला भूक लागली होती, पाय बोलत होते, आणि भूक लागली की माझ्या तोंडाला लगाम राहत नाही.

"दादा, तू मशीन घ्यायला आलायस की मशीनशी कुस्ती खेळायला?" व्हॅनमध्ये बसल्या बसल्या मी तोफ डागली. "सगळ्यांना चीत केलंस. आता काय, बक्षीस हवंय?"

दादा चिडला नाही. मुठीवरचे पट्टे बघत म्हणाला, "जे मशीन माझ्या हातापुढे थांबतं, ते माझ्या हातापेक्षा चांगलं काम कसं करेल, तूच सांग."

पॉलिशच्या बाबतीत मी तोंड उघडायचं नाही हे अप्पांनी फार पूर्वी ठरवून टाकलं होतं. मी गाडी चालू केली.

पुढचे दोन दिवस मी तिकडे गेलो नाही. गेलो तेव्हा दादा दोरीवरच्या चिंध्या काढून घडी करून खोक्यात भरत होता. आधी जाड्याभरड्या, मग मऊ, अगदी क्रमाने. माझ्याकडे बघून म्हणाला, "त्याला आज फोन करतो. पोरगं वाट बघत असेल." मी काही बोलायच्या आत वहिनीने मला आत बोलावलं.

वहिनीची शिलाई स्वयंपाकघरालगतच्या खोलीत चालते. गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे. तिचं मशीन विजेच्या छोट्या मोटरवर चालतं, आणि ती दिवसभर त्याच्याशी बोलत असते, कधी लाडाने, कधी शिव्या देऊन. त्या दिवशी ती गप्प होती आणि मशीनही.

"भाऊजी," ती हळू आवाजात म्हणाली, "हा माणूस तिकडे काचेत जाऊन बसला तर वर्षाच्या आत म्हातारा होईल. मला नाही बघवणार." डोळ्यांत पाणी होतं. वहिनीच्या डोळ्यांत पाणी मी क्वचितच पाहिलंय. तिने पदराने नाही, हातातल्या अभ्र्याने डोळे पुसले आणि लगेच कामाचं बोलली. "माझी मोटर ठिणग्या टाकतेय. तो जळलेल्या मोटरींत नव्या तारा भरून देणारा आहे ना, पुलाच्या पलीकडे, त्याच्याकडे न्यायचीय. मागे गेले होते तेव्हा त्याच्या टेबलाखाली तसलं एक मशीन पडलेलं होतं, दोन चाकांचं. कोणीतरी विकायला ठेवलेलं. यांना म्हणा, माझी मोटर दाखवायला सोबत चला. मशीनचं नाव काढू नका."

मी दादाला मोटर दाखवायला सोबत बोलावलं. खोकं अर्धवट भरलेलं तसंच राहिलं आणि आम्ही तिघं व्हॅनमधून निघालो.

मोटरवाल्याचं दुकान म्हणजे एक बोळ. दोन्ही बाजूंना उघडलेल्या मोटरी, तांब्याच्या तारांची वेटोळी, आणि तापलेल्या वार्निशाचा वास. मोटरवाला जाड भिंगांच्या चष्म्यातून माणसाकडे कमी आणि मोटरकडे जास्त बघणारा. त्याने वहिनीची मोटर हातात घेतली, कानाशी धरून फिरवली आणि म्हणाला, "आतले कार्बनचे ब्रश झिजलेत. बसा." बसायला जागा नव्हती. वहिनीने पायाने टेबलाखालचं धूड पुढे सरकवलं.

"हे कोणाचं हो?"

"एक दागिने उजळणारा होता. त्याने मोठं घेतलं. मोटर मी नवीन भरलीय. दांडे वीतभर बाहेर आहेत, लांब भागही मोटरला न घासता फिरतो." मग सवयीने त्याने किंमत सांगितली. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. तिने दिलेल्यात ती आरामात बसत होती.

दादाच्या तोंडावर मात्र, चला, आणखी एक, असा भाव. पण हात खिशात गेलाच. मूठ अजून खिशात होती! चिंध्या खोक्यात गेल्या होत्या, फोन करायचं ठरलं होतं, पण मूठ काही याने खिशातून काढली नव्हती. ते बघून मला भडभडून आलं, आणि त्याच वेळी त्याला एक चापट मारावीशीही वाटली.

मोटरवाल्याने मशीन टेबलावर चढवलं, बटण दाबलं. चाकाचा एकसारखा, भरीव आवाज सुरू झाला. दादाने पाय रोवले. टेकवली. दाबली. घूं. थांबलं.

"दम ना..."

"अहो, ढकलताय कशाला त्याला?" वहिनी एवढ्या जोरात ओरडली की मोटरवाल्याने चष्मा वर केला.

"ढकलत नाहीये, दाबतोय."

"तेच ते. सरका." तिने दादाला कोपराने बाजूला केलं, मूठ हिसकावून घेतली. "इतकी वर्षं मी कापड शिवतेय. नवीन येणारी प्रत्येक बाई हेच करते. मशीन हळू वाटलं की कापड पुढे ढकलते. मग सुई वाकते आणि मशीनला नावं ठेवते. कापड ढकलायचं नसतं, नुसतं सांभाळायचं असतं. ओढून घ्यायचं काम त्याचं."

"बाई, चाकाच्या खालच्या अंगाला धरा," मोटरवाला मध्येच म्हणाला. "मध्याच्या खाली, आणि कड खाली झुकलेली. वर धरलंत तर चाक हिसकावून फेकेल." त्याने तिला डोळ्यांत काही उडू नये म्हणून लावायचा एक जुना चष्मा दिला. वहिनीने तो चढवला, चाकाला पॉलिशची वडी क्षणभर लावली, आणि मूठ अशी टेकवली की टेकली की नाही ते कळू नये.

चाक थांबलं नाही. आवाज तेवढा किंचित बदलला. वहिनीने मूठ हळूहळू फिरवली, सगळ्या दुकानांच्या पट्ट्यांवरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग बाजूला घेतली, मोटर गुंडाळून आणलेल्या कापडाच्या तुकड्याने पुसली आणि दादाच्या हातात दिली.

पट्टे गेले होते. त्या मुठीत दादाचं नाक दिसत होतं, त्याच्यामागे मोटरी, तारा, आणि आ वासून उभा असलेला मी.

दादाने ती उजेडात धरली. फिरवली. अगदी अप्पा धरायचे तशी. मला अजून आठवतंय, मी असा बघत होतो, जणू ती मूठ मीच घासली होती आणि निकाल माझा लागणार होता.

"म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "हलका हात?"

"हलका हात," वहिनी म्हणाली. तिला त्या शब्दाचं काहीच नव्हतं, ती दुसऱ्या घरातून आलेली. पण दादाने माझ्याकडे पाहिलं आणि मी मोटरींकडे.

मग त्याने स्वतः करून बघितलं. पहिल्यांदा पुन्हा थांबलं. दुसऱ्यांदाही थांबलं. तिसऱ्यांदा चाक चाललं खरं, पण दादाने श्वास रोखून धरला होता आणि मान लाल झाली होती. दाबणं सोपं होतं, न दाबण्यालाच त्याचा घाम निघत होता. मोटरवाल्याने आम्हाला वहिनीच्या मोटरचे ब्रश फुकटात बसवून दिले, शिवाय तो चष्माही दिला. मी मशीन व्हॅनमध्ये ठेवलं आणि कोणी बघत नाही असं पाहून त्याच्यावर एक थाप मारली. इतका हलका मी कित्येक दिवसांत झालो नव्हतो.

मशीन बसवायचं तर अप्पांच्या टेबलाला भोकं पाडावी लागणार होती. दादा गिरमिट हातात घेऊन थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने कोपराची खोलगट जागा सोडून, बरोबर तिच्या पलीकडे खुणा केल्या. नटबोल्ट आवळले. दोरीवर चिंध्या पुन्हा चढल्या, जाड्याभरड्या एका टोकाला, मऊ दुसऱ्या टोकाला.

शिकणं मात्र ऐकण्यासारखं होतं. दादा पुढच्या खोलीत मशीन चालवायचा, वहिनी आतल्या खोलीत शिवायची. दादाचा हात सवयीने जड झाला की मोटरचा आवाज खाली उतरायचा, आणि आतून, शिलाईवरची नजर न काढता, वहिनीची हाक यायची.

"दाबताय!"

"नाही गं."

"मला ऐकू येतंय."

आवाज वर चढायचा. दोन मिनिटांनी पुन्हा उतरायचा. "दाबताय!" गिऱ्हाईक बसलेलं असलं तरी तिला फरक पडायचा नाही. जुन्या गाड्यांवाला एक श्रीमंत गृहस्थ आला होता, त्याला वाटलं बाई त्यालाच म्हणतायत, तो बिचारा खुर्चीतून उठून उभाच राहिला.

हळूहळू हाका कमी झाल्या. एका दुपारी मी स्टुलावर बसलो होतो आणि मशीन कितीतरी वेळ एका सुरात चाललं होतं. दोन्ही मशीनं चालली होती, आतलं आणि बाहेरचं, आणि कोणी कोणाला ओरडत नव्हतं. दादाने खांदा गोल फिरवून बघितला. मला विचारायची गरज पडली नाही, त्याच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. मग त्याने हात पुसून मुलाला फोन लावला.

"ती काचेची टपरी आहे ना तुझी, तिच्यात दुसऱ्या कोणाला तरी बसव. मला वेळ नाही."

पलीकडून पोरगा काहीतरी बोलला. दादा ऐकत राहिला, आणि त्याचा चेहरा मऊ झाला. फोन ठेवल्यावर म्हणाला, "म्हणतो, बाबा, मला झोप लागत नव्हती. तुम्ही हो म्हणाल याचीच भीती वाटत होती." हे ऐकून वहिनी आतून बाहेर आली, दाराशी उभी राहिली, आणि आम्ही तिघंही काही कारण नसताना हसत सुटलो. घरावरचा दगड उचलला गेला होता.

मी उठलो. माझी संध्याकाळची फेरी राहिली होती. दारात पोचलो तेवढ्यात दादा म्हणाला, "उद्या सकाळी येशील?"

"का रे?"

"त्या गृहस्थाच्या गाडीच्या पट्ट्या आल्यात. हात पुरत नाही इतक्या लांब. फळीला बांधल्या तरी दुसरं टोक धरून चाकावरून न्यायला दुसरं माणूस लागतं." तो पॉलिशची वडी उगाच जागच्या जागी सरकवत होता. "हिला शिलाईतून उठवता येत नाही. आणि माझा हात अजून मध्येच दाबतो. दाबणारं माणूस नकोय मला त्या टोकाला."

तो अजूनही माझ्याकडे बघत नव्हता.

"अप्पांनी तुझ्याबद्दल जे सांगितलं ना," तो म्हणाला, "ते बरोबरच होतं. तुझा हात हलकाच आहे." मग त्याने मान वर केली. "त्यांच्याकडे चाक असतं ना, तर त्यांनी तुला ठेवून घेतलं असतं. मला ड्रायव्हर केलं असतं."

मी व्हॅनमध्ये जाऊन बसलो, उद्या सकाळची पार्सलं उशिरा पोचतील असा ऑफिसला फोन केला आणि नाक पुसलं.

दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा माझं स्टूल कोपऱ्यात नव्हतं. दादाने ते टेबलाशी आणून ठेवलं होतं.